वांग्याच्या झाडावरचं बाळंतपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात जिचा शब्द चालत होता, तिचं वजन दहा ग्रॅमसुद्धा नव्हतं. बाल्कनीत मी हौसेनं लावलेल्या वांग्याची दोन पानं शिंपीण पक्षिणीनं शिवली आणि आत संसार थाटला. झाडाला एकुलतं एक वांगं धरलेलं, तेही नेमकं त्याच फांदीला. भरीत लांबणीवर.

काम मात्र बघत राहावं असं. पानाच्या कडेला चोचीनं बारीक भोक पाडायचं, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा नाहीतर कापूस ओढून घ्यायचा. गाठबीठ काही नाही. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि तिथंच अडकून बसतं. पान तोडायचं नाही, त्यामुळे घरटं हिरवंगार, समोर उभं राहूनही पटकन दिसत नाही. आत कापसाची गादी. हा कापूस आपल्याच वातींचा, असं आई येईल त्याला सांगत होती. शिवणकाम सगळं मादीचं. नर शेपटी उभारून ग्रिलवर ‘टुविट, टुविट’ करत बसलेला.

“काही घरांत असंच असतं,” बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

खरे हाल कपड्यांचे. बाल्कनीचं दार जरा किलकिलं केलं की दोघं असा कल्ला करायची की खालचा वॉचमन वर बघायचा. म्हणून दोरी बंद. ऐन आषाढात सगळ्यांचे ओले कपडे हॉलमधल्या खुर्च्यांवर, पंख्याखाली. सोसायटीचे सेक्रेटरी थकलेल्या मेंटेनन्सबद्दल खडसावायला आले, ते माझ्या बनियनशेजारी टेकले. त्यांनी आवाज चढवताच आई म्हणाली, “हळू हो, ती उबवायला बसलीय.” पुढचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं.

अंडी फुटायला बारा-एक दिवस, पिल्लं उडायला आणखी साधारण दोन आठवडे. आईनं कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तारखा मांडल्या. तोवर मी पाणी घालायचं ते रांगत जाऊन, पान न हलवता.

अखेर पिल्लं उडाली. मी सुरी घेऊन निघालो, तर वांगं पिकून पिवळंधमक.

“राहू दे,” आई म्हणाली, “बी धरू त्याचं. पुढच्या वर्षी चार कुंड्या लाव. तिला निवडायला जागा नको?”

“आणि कपडे?”

“हॉल आहे की.”