काका, तुमच्या त्या अँटीव्हायरसच्या फॉरवर्डबद्दल

गेल्या आठवड्यात आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. तोच दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं निपाणीहून पाठवला आणि तिसऱ्या दिवशी खानापूरच्या एका गिऱ्हाइकानं. मजकूर थोडक्यात असा: "फुकटचा अँटीव्हायरस म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. या कंपन्या तुमची माहिती विकतात. विंडोजमधला डिफेंडर नुसता नावाला. पैसे भरून घेतला की बँकेतले पैसेही सुरक्षित. शक्यतो दोन ठेवा. खाली लिंक आहे, आजच घ्या, दहा जणांना पाठवा." टाकणाऱ्या काकांनी खाली मलाच विचारलं, "बरोबर हाय काय रे?" संगणक दुरुस्तीचं दुकान माझं, म्हणून विचारलं असणार.

आधी सांगून टाकतो, अँटीव्हायरसचे डबे मीही विकतो आणि डब्यामागं मला चार पैसे सुटतात. हा फॉरवर्ड खरा असता तर माझंच भलं होतं.

माहिती विकण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो उडवून लावत नाही. अवास्ट हा फुकटातला सगळ्यात गाजलेला अँटीव्हायरस. लोक कुठल्या साइटवर जातात याची नोंद गोळा करून जंपशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती, हे जानेवारी २०२० मध्ये उघडकीला आलं. जंपशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पण म्हणून पैसे घेणारा धुतल्या तांदळासारखा ठरतो का? नॉर्टननं २०२१ मध्ये आपल्या विकतच्या अँटीव्हायरसमध्येच क्रिप्टो चलन खोदण्याची, म्हणजे संगणकाला आकडेमोडीला जुंपून डिजिटल नाणी कमावण्याची, सोय घातली. ज्यानं ती चालू केली त्याचा संगणक राबायचा, वीजबिल त्याचं, आणि कमाईतले १५ टक्के कंपनीचे. आता ही नॉर्टन आणि ती अवास्ट २०२२ पासून एकाच मालकीच्या आहेत. बरं, फुकट म्हणजे लबाडीच असेल तर नुडीचं काय? कन्नड गणक परिषदेचं नुडी, म्हणजे कन्नड टाइप करायचं सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या निम्म्या डीटीपीवाल्यांनी फुकटच घेतलंय, लग्नपत्रिकेची कन्नड बाजू त्यावरच उठते. कोण देतंय आणि त्याचं पोट कशावर चालतं, एवढं बघायचं.

फॉरवर्डच्या एका आवृत्तीत "आपल्या मराठी माणसाचाच घ्या" असंही जोडलेलं होतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास काटकरांनी क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी केली, याचा सीमाभागातल्या आम्हा लोकांना अंमळ जास्तच अभिमान आहे. हौसेनं घ्या की. फक्त तो अभिमान झाला, तुलना नव्हे.

डिफेंडर नावाला आहे, ही समजूत जुनी. कधीकाळी ती खरीही होती. पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पुरा अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय असे प्रत्येकी ६ गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडरनं १८ पैकी १८ अनेकदा घेतलेत. त्याची एक खोट मात्र आहे आणि ती आपल्या भागात नडते. त्याची बरीचशी अक्कल इंटरनेटच्या पलीकडे, कंपनीच्या सर्व्हरवर असते, नेट नसलं की तो कमी पकडतो. टिळकवाडीत फायबर आहे तिथं प्रश्न नाही. पण जांबोटी-कणकुंबीकडं पावसात रेंज गेली आणि दिवसभर नुसत्या पेनड्राइव्हवर काम चाललं, तर नेटशिवायही चांगलं पकडणारा दुसरा अँटीव्हायरस घेण्यात अर्थ आहे. तोही विकतच हवा असं नाही, बिटडिफेंडरचा फुकटचाही आहे.

पेनड्राइव्ह म्हटलं की फ्लेक्सची दुकानं आठवतात. मजकूर घेऊन चार दुकानं फिरलेला पेनड्राइव्ह घरी लावला की सगळे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक वळलेला बाण. तो शॉर्टकट व्हायरस. खरे फोल्डर लपवलेले असतात, आणि बाणावर दोनदा टिचकी मारून व्हायरसला आत घेणारे आपणच.

आता विकत घेतला की निर्धास्त, या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान यातच पाहिलंय. एक ओळखीचे गृहस्थ सीपीयू स्कूटरवर पुढ्यात ठेवून दुकानात आले. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. चालू केला तर फोटोंच्या नावापुढं जेपीजी, आणि त्याच्याही पुढं चार अक्षरांचं भलतंच शेपूट. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: सोडवून हवे असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. म्हणजे खंडणीतसुद्धा डिस्काउंट. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात तो रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, घरगुती संगणकांवर फार पसरलेला. गृहस्थ मला म्हणतात, "पैसे भरलोय की मी! मग शिरला कसा?" भरलेच होते, मुदतही शिल्लक होती. पण धाकट्यानं फोटो सजवण्याचं महागडं सॉफ्टवेअर फुकटात मिळावं म्हणून क्रॅक, म्हणजे त्याचं कुलूप तोडणारं चोरटं सॉफ्टवेअर, उतरवला होता, आणि क्रॅकबरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ होती की अँटीव्हायरस बंद करा. त्यानं केला. पहारेकऱ्याला आपणच सुट्टी दिल्यावर त्याचा पगार किती होता याला काय अर्थ? या जातीच्या काही जुन्या प्रकारांवर फुकट उतारा आहे, पण त्यांचा नवा निघाला. मुलीच्या चुलतभावाच्या मोबाइलवर जे काही फोटो होते तेवढेच हाती लागले.

डब्याला घालायचे पैसे वर्षभर साठवून एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो त्यात उतरवा आणि काढून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवली तर तीही कुलूपबंद होते, हे विसरू नका.

बँकेचं तर बोलूच नका. ओटीपी तुम्ही स्वतःच्या तोंडानं फोनवर सांगितलात तर जगातला कुठला अँटीव्हायरस तुमच्या तोंडावर हात ठेवणार? असल्या वेळी १९३० हा सरकारी नंबर आणि बँक, दोन्हीकडं ताबडतोब फोन करायचा. चहा पिऊन मग नाही.

दोन अँटीव्हायरस ठेवू नका. दोघं एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक बैलगाडीसारखा चालतो. दुसरा घातला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, ते शहाणपण त्याला आहे.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी एक गोष्ट. विंडोज ७ चा आधार, म्हणजे भगदाडं बुजवणारी अपडेट मिळणं, १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आपल्या घरांत हीच दोन जास्त आहेत, आणि त्यातली बरीच अशी की कुणीतरी फुकटात घालून दिलेली, अपडेट मुद्दाम बंद केलेली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. भिंतीला भोक असताना दाराला महाग कुलूप लावण्याचा हा प्रकार. विंडोज १० वाल्यांना वर्षभराची वाढीव मुदत घेण्याची सोय आहे, ती आधी बघा. त्यानंतरही घरात तीन-चार संगणक असतील, मुलांवर लक्ष ठेवायची सोय हवी असेल, किंवा अडल्यावर फोन करायला कुणीतरी हवं असेल, तर विकतचा घ्या, मी देतो.

राहिली ती खालची लिंक. ती मी वेगळ्या, रिकाम्या संगणकावर उघडून पाहिली. कुठल्याही कंपनीचं पान नाही. लाल रंगात "तुमच्या संगणकात १३ व्हायरस सापडले" असं लिहून येतं, त्या संगणकात तर विंडोजशिवाय काहीच नव्हतं, आणि खाली कार्डाचा नंबर मागतात. ग्रुपमधल्या ज्यांनी तिथं कार्ड भरलं असेल त्यांनी हे वाचून होण्याआधी बँकेला फोन लावून कार्ड बंद करून घ्या. आणि काका, तुम्ही तो मेसेज ग्रुपवरून काढा, अजून तिथंच आहे.