वाढ? ती बारावीनंतर बघू!

पालकहो, मूल वयात येऊ लागलं म्हणून घाबरून जाऊ नका. चूक तुमची नाही, निसर्गाची आहे. उंची झपाट्याने वाढण्याची वर्षं त्याने मुलींसाठी साधारण ११-१२ आणि मुलग्यांसाठी १३-१४ ठेवली. म्हणजे मुलींच्या बाबतीत स्कॉलरशिपच्या आसपास आणि मुलग्यांच्या बाबतीत थेट फाउंडेशन बॅचच्या मुळावर! त्या एका वर्षात मुलगी सात-आठ सेंटिमीटर वाढते, मुलगा नऊ-दहा. एवढा मोठा कार्यक्रम आखताना क्लासच्या सरांना साधं विचारलंसुद्धा नाही. तेव्हा हे प्रकरण बारावी होईपर्यंत रोखून धरण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

सुरुवात झोपेपासून करा, कारण मुळात तिथेच गडबड आहे. ग्रोथ हार्मोन सर्वांत जास्त सुटतं ते गाढ झोपेत, आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. आता क्लास नऊला सुटतो, जेवण दहाला, गृहपाठ बारापर्यंत आणि पहाटे साडेपाचला डाउट सेशन. हिशेब करून बघा, हार्मोन डोकं वर काढण्याच्या आत गजर वाजतो. या वयात झोपेचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं, लवकर झोप येतच नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणू देत. तुम्ही ‘आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास करायचो’ हे सुनावत राहा. (तुमची दहावीची गुणपत्रिका तेवढी कपाटाबाहेर काढू नका.) रविवारी पोरगं नऊपर्यंत लोळलंच, तर चटणी वाटायला घ्या. मिक्सर त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर उत्तम.

मग खाणं. सकाळी चहा आणि बिस्किटं पुरेत. जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हा तर वरचा फायदा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं, हे सगळं खरं. पण ते स्वस्त आहे, आणि स्वस्त गोष्टीने मुलाचं भलं होतं यावर सोसायटीत कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा उंची वाढवणारी, डब्यावर उडी मारणारा मुलगा छापलेली पावडर आणा. तिच्यात साखर सढळ हाताने घातलेली असते. असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४मध्ये ऑनलाइन दुकानांना बजावलं. पण सरकारचं आपण कधीपासून ऐकायला लागलो?

घरात मुलगी असेल तर आणखी सोपं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं आणि मुलग्याला २२. म्हणून अंडं दादाच्या ताटात वाढा, ‘तो वाढत्या अंगाचा आहे’ म्हणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय आढळला, म्हणजे ही परंपरा घरोघरी नीट चालू आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते. ती ‘उष्ण पडते’ असं सांगून दप्तरातच राहू द्या. तिला धाप लागली, अभ्यासात लक्ष लागेना, तर शब्द तयार आहे : आळशी.

पाळी सुरू झाल्यावर मावशी-आत्याला बोलवा. ‘आता काही उंची वाढायची नाही,’ असं त्या ठामपणे सांगतील. साधारण पाच-सात सेंटिमीटर तरी अजून बाकी असतात, पण मोठ्यांना उलट बोलू नये. खो-खो तेवढा तातडीने बंद करा. हाडं भक्कम होण्याची वर्षं हीच, ती पलंगावर बसून काढलेली बरी. ब्रा आणायचा विषय घरात कुणी म्हणजे कुणी काढायचा नाही. लाजेने ती खांदे पाडून, दप्तर छातीशी धरून चालायला लागेल, तेव्हा चारचौघांत ओरडा : ‘ताठ चाल!’

मुलग्यांचं फारसं काही करावं लागत नाही. आवाज फुटला की पाहुण्यांसमोर श्लोक म्हणायला लावा. छातीवर थोडी सूज आली, जी पुष्कळ मुलग्यांना येते आणि बहुधा आपोआप जाते, तर काकांना विनोद करू द्या. पावलं आणि हात उरलेल्या शरीराच्या आधी वाढतात, म्हणून तो चालताना टेबलाला धडकतो, ताटावर हात मारतो. त्याला धांदरट म्हणा आणि मागच्या वर्षीचे बूट आणखी वर्षभर ओढा. रोज तासभर मैदानावर घाम गाळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पीटीचा तास गणिताच्या बाईंनी घेतलेला असतो आणि सोसायटीच्या फलकावर ‘खेळण्यास सक्त मनाई’ असते, तेव्हा ती काळजी मिटली. दारात लोखंडी दांडा ठोकून त्याला लोंबकळायला लावा. त्याने उंची वाढत नाही, पण आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

डॉक्टरांकडे मात्र घाईने जाऊ नका. आठ वर्षांच्या आत मुलीची किंवा नऊच्या आत मुलग्याची वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, तर ‘हल्लीच्या दुधात इंजेक्शनं असतात’ हे निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तयारच असतं. मुलगी तेराची किंवा मुलगा चौदाचा झाला तरी कसलीच चाहूल नसेल, तर ‘आमच्याकडे उशिराच येतं’ म्हणून मोकळे व्हा. उंची-वजनाचा तक्ता अठरा वर्षांपर्यंत भरायचा असतो. तुमचा शेवटचा ठिपका लसीच्या कार्डावर असेल, तोच पुरे.

बारावीचा निकाल लागला की सवडीने जा. डॉक्टर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतील आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या मिटल्यात, म्हणजे आता उंची वाढायची नाही, असं सांगतील. पुरवणी परीक्षा आहे का, विचारून बघा. मग ते आई-वडिलांची उंची विचारतील, तिची बेरीज करतील, मुलगा असेल तर १३ सेंटिमीटर मिळवतील, मुलगी असेल तर वजा करतील आणि निम्मे करून अपेक्षित उंची काढतील. त्या बेरजेत कुणाच्या माहेरचे किंवा सासरचे किती बुटके, हे तिथेच खुर्चीत बसून ठरवून टाका. क्लास संपलेले आहेत, वेळच वेळ आहे.