बॅरिसेंटर, केंद्र आणि बैलाची आर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शिगम्यावरच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणावरच्या लेखात मी दिवली नाचाबद्दल लिहिताना बायकांच्या डोक्यावरच्या दिवलीच्या, म्हणजे दिव्याच्या, तोलबिंदूला 'बॅरिसेंटर' म्हटलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत की 'गुरुत्वकेंद्र' हा आपला शुद्ध शब्द असताना ग्रीक उसनवारी कशाला, आणि दिवलीला तो शब्द लागतो तरी का?

दुसरं आधी. तिथे चूक माझीच. बॅरिसेंटर हा खगोलवाल्यांचा शब्द, एकमेकांभोवती फिरणाऱ्या गोलांच्या सामाईक वस्तुमानकेंद्रासाठी. चंद्र पृथ्वीपेक्षा सुमारे ८१ पट हलका, म्हणून त्या दोघांचं हे केंद्र पृथ्वीच्या पोटातच पडतं, मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर. सूर्य आणि गुरूचं मात्र सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर. दिवलीला हे सगळं कशाला? वाक्य बदललं आहे.

पण 'शुद्ध' म्हणालात तिथे थांबतो. सर, 'केंद्र'च ग्रीक आहे! मूळ शब्द 'केंत्रोन', म्हणजे टोचणारं टोक. आपल्याकडे बैल हाकायच्या पराणीला आर असते ना, तीच. पुढे कर्कटकाचा जो पाय कागदात रुततो त्याच्या टोकाला हे नाव मिळालं, आणि मग ते रुततं त्या बिंदूला. संस्कृतात हा शब्द आला तो यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर. पत्रिकेतलं पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं स्थान म्हणजे केंद्रस्थानं. होरा, जामित्र, पणफर, आपोक्लिम हे ज्योतिषातले शब्दही त्याच वरातीतली मंडळी. जामित्र म्हणजे मुळात 'दियामेत्रोस', वर्तुळाचा व्यास! जामित्र हे पत्रिकेतलं सातवं, विवाहाचं स्थान; त्याला व्यासाचं नाव, यावर एखादा भटजी हसेल की रागावेल कोण जाणे.

आता उरला 'बॅरि'. ग्रीक 'बारिस' म्हणजे जड. बॅरोमीटर, बेरियम, गाण्यातला बॅरिटोन, सगळे याच घरचे. आणि आपला 'गुरु', म्हणजे जड या अर्थाचा, मास्तर नव्हे, तो 'बारिस'चा सख्खा भाऊ. लॅटिनमधला 'ग्राविस' तिसरा. तिघांचं मूळ एकच, फक्त उच्चार वेगवेगळ्या वाटांनी बदलत गेले. म्हणजे तुमचं गुरुत्वकेंद्र आणि माझं बॅरिसेंटर जवळजवळ शब्दाला शब्द तेच. फरक इतकाच की तुमच्या शब्दाचा पुढचा अर्धा भाग आपला नि मागचा ग्रीक, माझ्या शब्दाचे दोन्ही तिकडचे. ही जोडीही जुनी आहे. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज तरफेचा नियम मांडून त्रिकोणाचा तोल शोधत होता, तेव्हा तो 'भाराचं केंत्रोन' असंच लिहायचा.

देशीच शब्द हवा असेल तर 'गुरुत्वमध्य' घ्या, 'मध्य' खास आपला. मी तोच घेतलाय. लेखात आता दिवलीपाशी गुरुत्वमध्य आहे आणि चंद्रापाशी बॅरिसेंटर. चंद्रापाशी तेवढा राहू द्या.