गुरुजींचं अजून ऐकून झालेलं नाही

गेले अकरा दिवस एक गोष्ट माझ्या पोटात आहे आणि ती मला कुणाला सांगता येत नाहीये. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या वाडीत पोट हे जेवणासाठी असतं, गोष्टी ठेवायला तिथं जागा नसते. बाजारातून कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, वर छत्रीचा आडोसा धरून मी सुके बांगडे आणले, तरी घराच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत शेजारची काकी विचारते, "दोनच हाडलंस रे?"

तर गोष्ट अशी, की डॉक्टरचं नवीन नाटक आलंय, मी ते शेवटपर्यंत ऐकलंय, आणि गुरुजींचं अजून ऐकून झालेलं नाही. म्हणून नाटकाचं नावसुद्धा इथे लिहीत नाही. गुरुजी सगळं वाचतात.

डॉक्टर म्हणजे 'डॉक्टर हू' या इंग्रजी टीव्ही मालिकेतला. हे वाडीत समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. "डॉक्टरचं नवीन आलंय" असं दुकानात फोनवर बोललो, तर झेरॉक्सला आलेल्या आजी तिथल्या तिथे बाकड्यावर बसल्या. "खयचो डॉक्टर इलो? गुडघ्याचो आसा काय?" आमच्याकडच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. त्यामुळे एक डॉक्टर गेला की लगेच त्याच जागी दुसरा उभा राहतो, अशी ही गोष्ट आहे म्हटल्यावर आजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आम्ही निवडणुकीला आलेल्यांसाठी राखून ठेवलेली असते.

मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. आदल्याच दिवशी केनेडींचा खून झालेला, त्यात इंग्लंडात काही भागांत लाइट गेलेली. शेवटी पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. हे कळल्यापासून गुरुजींना ही मालिका कोकणातलीच वाटते. नायक काळातून फिरतो, पोलिसांच्या निळ्या पेटीतून. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत मात्र संपता संपत नाही. मरायला टेकला की देह बदलतो, म्हणजे नट बदलतो. पहिल्यांदा १९६६ ला बदलला, तेव्हापासून बदलतोच आहे. १९८९ ला मालिका बंद पडली, २००५ ला पुन्हा उभी राहिली. मधल्या दुष्काळात बिग फिनिश नावाच्या कंपनीनं जुन्याच नटांना बोलावून १९९९ पासून ध्वनिनाटकं काढायला घेतली. आपल्याकडे आकाशवाणीवर श्रुतिका लागायची, त्या जातीची. पडद्यावर मालिका परतली, तरी ही थांबली नाहीत.

वेंगुर्ल्यापासून एसटीनं पाऊण तासावरच्या आमच्या गावात या नाटकांचे तीन श्रोते आहेत. चौथा माझा भाचा, तो पुण्याला असतो आणि हा रोग घरात त्यानेच आणला.

पहिला मी, दुसरे नाना. नाना हंगामात दशावतारात काम करतात, पावसाळ्यात शेती. त्यांना इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून सांगतो आणि ते आवाज ऐकतात. निळ्या पेटीचं कोडं समजायला मला दोन पुस्तकं वाचावी लागली होती. नानांना अर्धं मिनिट लागलं. "म्हणजे आमचो पेटारो," ते म्हणाले. "भायरसून पेटारो, आतमधी अख्खी द्वारका." देह बदलण्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा हिशेब ज्याच्या बोटांवर आहे, त्याला बाकीचे डॉक्टर काय जड जाणार?

आणि तिसरे गुरुजी. निवृत्त, इंग्रजीचे, मोतीबिंदूनंतर डोळे जपणारे. ते नाटक ऐकत नाहीत, शिकवायला घेतात. दुपारी पेज झाली की पडवीतल्या बाकावर पेनड्राइव्हचा छोटा स्पीकर, शेजारी शब्दकोश, मांडीवर वही. एक भाग अर्ध्या तासाचा. गुरुजींना तीन दिवस लागतात. चार भागांचे बारा दिवस. नियम असा, की गुरुजींचं संपेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम गुरुजींनीच केला आणि आम्ही दोघांनी मान डोलावली, कारण आम्ही दोघंही त्यांच्या हातची छडी खाल्लेले.

पण आधी ते नाटक गावात उतरलं कसं, तो भाग सांगायला हवा, कारण घोळ तिथेच झालाय.

आमच्याकडे नेटवर्क येतं ते वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर, आणि सड्यावरही एका ठिकाणी. गडग्यातला एक जांभा दगड आहे, त्याला सगळे 'टॉवरचो दगड' म्हणतात. फोन त्यावर समुद्राकडे तोंड करून ठेवला की दोन काड्या दिसतात. हातात घेतला की एक. खिशात घातला की तुम्ही १९६३ मध्ये. त्या दिवशी नेमकं चतुर्थीच्या गाड्यांचं आरक्षण सुटलेलं, त्यामुळे दगडापाशी सात माणसं, सात छत्र्या. वयनी मुंबईच्या मुलाला ओरडून सांगत होत्या, "वरचो बर्थ नको रे, माका चढूक जमाचा नाय!" आणि त्यांच्या मागे मी, गुरुजींचं कार्ड घेऊन. पैसे गुरुजींचे, हमाली माझी, त्या बदल्यात मला ऐकायची मुभा, असा आमचा व्यवहार आहे.

कार्डाचे आकडे घातले आणि ओटीपी गेला गुरुजींच्या फोनवर. गुरुजींचा फोन गुरुजींकडे. गुरुजी खाली, पडवीत, जिथे एकही काडी नाही. मी खाली धावलो, गुरुजी हळूहळू वर आले, तोपर्यंत ओटीपी शिळा झालेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा गुरुजी चष्मा खाली ठेवून आलेले. आकडे शेवटी वयनींनी वाचले, मोठ्यानं, सातही छत्र्यांना ऐकू जातील असे. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे बँकेला तिकडे बसून सांगायला काय जातंय!

मग उतरवणं. पाऊस आडवा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. पडद्यावर चारही भाग एकाखाली एक. अंगठा जिथं सहज पोचत होता तिथं, म्हणजे सगळ्यात खाली, चौथ्या भागावर, मी तो टेकवला. तो आला. मग तिसरा. दुसरा सत्याण्णव टक्क्यांवर येऊन बसला तो संध्याकाळपर्यंत. पहिल्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सड्यावर. जसजसे आले तसतसे पेनड्राइव्हवर चढवले आणि गुरुजींच्या हातात दिले. त्यांच्या त्या स्पीकरला पडदा नाही, आकडे दिसत नाहीत. एक बटण आहे, ते दाबलं की गातो.

हे सगळं मी आत्ता ओळीनं सांगतोय. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मी त्याच रात्री ऐकलं. दोन वाजता संपलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. इतका चांगला शेवट मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. बायकोला हलवून उठवलं. ती म्हणाली, "वासरू सुटलं काय?" नाही म्हटलं. ती झोपली.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाच्यानं आमच्या चौघांच्या गटावर नुसते तीन रडके चेहरे टाकले. शब्द एकही नाही, म्हणजे नियम पाळला. गुरुजी सड्यावर औषधाचा फोन करायला गेले होते, तिथे त्यांना ते दिसले आणि ते तडक माझ्या आईकडे येऊन पायरीवर टोपी काढून उभे राहिले. "कोण गेलं?" आईनं तिथेच सूर लावला. तिला शांत करेपर्यंत वाडीतून सहा माणसं जमली, त्यातल्या दोघांनी येताना नारळ आणि तांदूळ आणले होते. ते परत नेणं अपशकुनाचं म्हणून आमच्याकडेच राहिले.

उरला नाना. नानाला शेवट माहीत, कारण मीच सांगितलेला. आम्ही शेतात भाताचा तरवा काढताना बोलायचो, चिखलात गुडघाभर, आजूबाजूला बगळ्यांशिवाय कुणी नाही. पण नानाला मुळात हा नियमच पटत नव्हता. "शेवट म्हायत आसलो म्हणान कोण उठान जाता रे? राक्षस मरतलो ह्यां माका पाचव्या वर्षापासून म्हायत आसा. तो कसो मरता तां बघूक लोक पहाटेपर्यंत बसतत." याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या रवळनाथाच्या जत्रेत दशावतारातल्या संकासुराला पाहून दरवर्षी नव्यानं घाबरणारी पोरं मी पाहिलीत. मीही त्यातलाच.

नानाचा आवडता डॉक्टर सहावा, कॉलिन बेकर. माझा आठवा, पॉल मॅगॅन. पडद्यावर त्याला १९९६ सालचा एक चित्रपट आणि पुढे थोड्याशा हजेऱ्या, एवढंच मिळालं. खरा तो उलगडला २००१ पासून, या ध्वनिनाटकांत. भाच्याचा दहावा, डेव्हिड टेनंट. तो वयाचा दोष आहे. गुरुजींना चौथा, टॉम बेकर, कारण "आवाज कसा, मास्तरासारखा!" या विषयावर आमचे जे वाद होतात त्यांत एकदा एसटी चुकली आहे आणि एकदा भात करपलाय. पण नानाच्या निवडीला कारण आहे. कॉलिन बेकरला १९८६ ला कामावरून काढलं. पुढच्या वर्षी देह बदलायचा प्रसंग आला, तेव्हा तो आला नाही. म्हणून नव्या नटालाच, सिल्व्हेस्टर मॅकॉयला, त्याच्यासारखा केसांचा टोप घालून जमिनीवर पाडला आणि काम उरकलं. हे मी सांगितलं तेव्हा नाना बांधावर बसले. "दुसऱ्याचो टोप घालून?" त्यांनी तीनदा विचारलं. कधीतरी कुठल्यातरी जत्रेत त्यांचं ठरलेलं राजाचं काम ऐन वेळी दुसऱ्याला दिलेलं, आणि त्या माणसानं नानाचाच टोप घातलेला. १९९९ च्या पहिल्या ध्वनिनाटकात कॉलिन बेकर परत आला, तेव्हापासून गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं नाटकं करतोय, हे कळल्यावर नानांनी तरव्याची मूठ अशी काही आपटली, की चिखल माझ्या तोंडावर.

गुरुजींचंही एक कारण आहे, आणि ते मला या सगळ्यात फार आवडतं. बीबीसीनं साठच्या दशकातले पुष्कळ भाग पुसून टाकले, टेपा पुन्हा वापरायला. चित्र गेलं. पण तेव्हाच्या पोरांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून आवाज उतरवून ठेवलेला, आणि त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे. गुरुजींनीही तेच केलेलं. आकाशवाणीची श्रुतिका लागली की रेडिओपुढे टेप. एक कॅसेट अजून आहे. त्यात नायक प्राण सोडतो, नायिका हंबरडा फोडते, आणि मागून गुरुजींच्या आईचा आवाज येतो, "अरे, पाडी सुटली मरे!" श्रुतिका कुणाची, नट कोण, काही कळायला मार्ग नाही. गुरुजी ती कॅसेट आईसाठी लावतात.

तर काल, दहाव्या दिवशी, मी गुरुजींच्या पडवीत गेलो. त्यांचा चेहरा उजळलेला. वही पुढे केली.

"काय लेखक आहे रे," ते म्हणाले. "सुरुवातच निरोपानं! कोण कुणाचा निरोप घेतोय हे आपल्याला माहीतच नाही, आणि तरी गळा दाटतो. मग हळूहळू कळत जातं. आणि आज बघ, ती दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत! 'तुम्ही कोण?' म्हणून ती विचारते. इतकं सगळं झाल्यावर! मी इथं बसून मोठ्यानं म्हटलं, बाई, आठव!"

मी स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे.

"काळाची गोष्ट सांगायची तर ती अशीच सांगितली पाहिजे," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "सरळ काय, कुणीही सांगेल. उद्या-परवा संपेल. मग बोलू आपण सविस्तर. तुला कळलं होतं का रे हे पहिल्यांदा ऐकताना?"

"नाही गुरुजी," मी म्हटलं. हे खरंच होतं.

संध्याकाळी मी शेतावर गेलो आणि नानाला सांगितलं. पाऊस मुसळधार, नाना इरल्याखाली, मी भिजत. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गप रव. माझ्या राजाच्या टोपासारखा झालाहा ह्यां. चुकीच्या डोक्यार, पण शोभता." कुणालाही सांगणार नाही म्हणून त्यांनी रवळनाथाची शपथ घेतली.

आज सकाळी बाजारातून आलो. पिशवी छत्रीखाली, पाय पायरीवर.

"काय रे," पलीकडून काकी म्हणाली, "गुरुजींक उलटा ऐकयलंस म्हणे?"

काकीच्या घरापासून गुरुजींचं घर चौथं. गुरुजींची पेज साडेबाराला होते. आत्ता सव्वाअकरा झालेत, काकीनं डोक्यावर पावसाची खोळ घेतलीय, आणि मी बांगड्यांची पिशवी तिच्या हातात देऊन, "सगळेच ठेव काकी, जरा बस, च्या घे," म्हणून तिला आमच्या पायरीवर थोपवून धरलंय.