बागेतली तक्रार अशी द्या की दुरुस्तीला येणाऱ्याला ती वस्तू सापडली पाहिजे

बागेत काही मोडलेलं दिसलं की आपण काय करतो, सोबत जो असेल त्याला सांगतो, "बघ काय अवस्था झालीये". मग जाता जाता गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांच्या कानावर घालतो, फार तर ग्रुपवर फोटो टाकतो, खाली चार जणांचे रागावलेले इमोजी येतात आणि आपल्याला वाटतं तक्रार झाली. नाही झाली. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नसतं. काकांचं काम गेटवर, माळ्याचं काम झाडांचं, खेळण्यांचं वेल्डिंग करणारा तिसराच कुणीतरी आणि दिव्यांचं खातंच बऱ्याचदा वेगळं. तोंडी सांगितलेली गोष्ट या सगळ्यांच्या मधे कुठेतरी विरून जाते. तक्रार नंबर मिळाला तरच ती कुणाच्या तरी कामाच्या यादीत चढते, म्हणून नंबर मिळेपर्यंत तक्रार झाली असं समजूच नका.

दुसरं म्हणजे "रोज एवढे लोक चालायला येतात, कुणीतरी कळवलंच असेल की". १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की बघणारे जितके जास्त, तितकी एकेकट्याला आपली जबाबदारी कमी वाटते. बाग ही तर अशीच जागा, सगळ्यांची आणि सगळ्यांच्या नजरेसमोरची. त्यामुळे माझं सरळ म्हणणं आहे, दुसऱ्याने कळवलं असेल तरी आपणही कळवा. एकाच गोष्टीच्या दोन तक्रारी गेल्या तर काही बिघडत नाही, एकही गेली नाही तर मात्र नक्की बिघडतं.

आता तक्रारीत लिहायचं काय. "बागेतली खेळणी तुटली आहेत, कृपया लक्ष घालावे" हे वाचून माणूस आला तरी तो बागभर फिरेल, त्याच वेळी त्या झोपाळ्यावर पोरं मजेत झोके घेत असतील, त्याला काही तुटलेलं दिसणार नाही आणि तो निघून जाईल. चूक त्याची नाही. त्याऐवजी असं लिहा: "मागच्या गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला चार झोपाळे आहेत, त्यातला तिसरा, उजवी साखळी वरच्या दांड्याला जिथे अडकवली आहे तो हूक झिजून निम्मा राहिलाय." हे वाचून येणारा माणूस शिडी आणि नवा हूक घेऊनच येईल, एका फेरीत काम होईल. आणि तो हूक एकदा खरंच मान वर करून बघा, साखळी घासून घासून लोखंडात खोबण पडते, बाजूने बघितलं तरच कळतं. खालून सगळं ठीकच दिसत असतं. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून ज्यात आजूबाजूची ओळखीची खूण येईल. नुसता तुटलेल्या बोल्टचा क्लोजअप बघून बाग कुठली तेसुद्धा कळत नाही.

मोबाईलच्या लोकेशनवर फार विसंबू नका. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत ते बरोबर दाखवतं, पण दाट झाडांखाली ते आणखी भरकटतं, आणि रस्त्यावरच्या खड्ड्याला निदान रस्त्याचं नाव असतं, अख्ख्या बागेला पत्ता एकच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे यावर फार छान सोय आहे. तिथल्या दिव्यांच्या खांबांवर चार आकडी नंबराची छोटी पट्टी असते, सुरुवातीचे आकडे जवळचा रस्ता सांगतात आणि शेवटचा आकडा सम असेल तर पूर्व बाजू, विषम असेल तर पश्चिम. ८४३ एकरांच्या बागेत रस्ता चुकलेला माणूसही फोनवर सांगू शकतो मी कुठे उभा आहे. हे करायला काय लागतं हो, रंगाचा डबा आणि स्टेन्सिल. खांब, बाक, नळ सगळ्यांवर नंबर टाका ही मागणी प्रत्येक बागेसाठी लावून धरायला पाहिजे असं मला फार वाटतं.

सगळ्याच गोष्टी सारख्या घाईच्या नसतात हेही खरं. बाकाचा रंग उडालाय तो महिनाभर थांबेल. पण दिव्याच्या खांबाचं खालचं झाकण उघडं आणि वायर बाहेर, अर्धवट मोडून लटकलेली फांदी, किंवा झाड एका बाजूला कललंय आणि बुंध्यापाशी दुसऱ्या बाजूची माती उचलली गेलीये, हे दिसलं तर ॲपवर टाईप करत बसू नका, थेट फोन करा आणि लोकांना तिथून लांब ठेवा. स्वतः वायरीला टेप लावायला तर अजिबात जाऊ नका. लहान मुलांच्या खेळण्यांबाबत अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कठड्याची एखादी दांडी गेली की साधारण साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची मानतात, कारण मूल पाय घालून त्यातून खाली सरकतं, अंग जातं पण डोकं अडकतं. म्हणजे "एक दांडीच तर नाहीये" असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. साचलेल्या पाण्याचंही तसंच, डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे पंधरा दिवसांनी दिलेल्या उत्तराचा काही उपयोग नाही. आणि पिण्याच्या पाण्याचा नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल ना, तर वर्षाला अकरा हजार लिटरच्या वर पाणी जातं, तेही एका वायसरसाठी.

सगळ्यात जास्त चीड येते ती काम न होताच "तक्रार निकाली काढली" असा मेसेज येतो त्याची. इथे बहुतेक लोक हात टेकतात आणि पुन्हा कधी तक्रार करत नाहीत, हे फार मोठं नुकसान आहे. ब्रिटनमधे २००७ पासून फिक्समायस्ट्रीट नावाची साईट आहे, तिथे प्रत्येक तक्रार नकाशावर सगळ्यांना दिसते आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारतात की काम झालं का. मला हे अगदी बरोबर वाटतं. काम झालं की नाही हे रोज त्या बाकावर बसणाऱ्याला विचारा ना, ऑफिसात बसून ते कसं कळणार? आपल्याकडे अशी सोय नसेल तर निकाली काढल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी जाऊन बघा, झालं नसेल तर त्या दिवशीचा फोटो जोडून जुन्याच नंबराचा उल्लेख करून तक्रार पुन्हा उघडायला लावा. आणि झालं असेल तर तेही कळवा, तिथे काम करणारा माणूस असेल तर त्याला तोंडावर सांगा की छान झालंय. त्याच्याकडे येणारा प्रत्येक कागद काहीतरी मोडल्याचाच असतो.