आमचा विठोबा पांढरा पडला

म्हणजे मीच पाडला. आषाढीच्या तीन दिवस आधी, गच्चीत, हाताने.

मागचा भाग भराभर सांगते, कारण आठवलं की अजून पोटात कालवतं. डायमंड पेंटिंग म्हणजे चिकट कॅनव्हासवर छापलेली बारीक चिन्हं आणि त्यांवर डकवायचे रेझिनचे चौकोनी खडे. एकेक खडा अडीच मिलिमीटरचा. पेनाच्या टोकात गुलाबी मेण भरायचं, खडा टिपायचा, ठेवायचा. ४० बाय ५० सेंटिमीटरच्या चित्रात ३२ हजार खडे बसतात. मला चार महिने लागले. त्यात विठोबा, म्हणजे निम्मे खडे ३१० नंबरचे. हे नंबर डीएमसी या फ्रेंच दोऱ्याच्या कंपनीचे, भरतकामातून इकडे आलेले. ३१० म्हणजे ठार काळा. आता मला रस्त्यात काळी मांजर दिसली तरी आधी ३१० दिसतो.

चित्र पुरं झालं की ते सील करायचं, म्हणजे वरून पारदर्शक थर द्यायचा की नाही, यावरून या जमातीत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सील करा, नाहीतर खडे गळतील, धूळ बसेल. दुसरा म्हणतो, सील केलं की पैलूंच्या खाचा भरतात आणि चमक जाते. मग हिरे कशाला, टिकल्याच लावा. मी पहिल्या तटात गेले, कारण आमच्या घरात भाचरंडं येतात आणि त्यांना खडे उपटायचा फार नाद.

ब्रशने लावायचा पांढरा गोंद होता, पण त्याच्या रेघा राहतात म्हणून स्प्रे आणला. डबा हलवा, वीतभर लांबून मारा, एक जाड थर नको, दोन-तीन पातळ थर द्या. सगळं केलं. फक्त डब्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं ‘दमट हवेत वापरू नये’ हे नंतर वाचलं. जुलैतलं बडोदं. दांडिया बाजारात पापड बाहेर ठेवला तर दहा मिनिटांत त्याची पोळी होते. फोन आर्द्रता ९१ टक्के दाखवत होता. स्प्रेमधलं द्रावण झपकन उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरात उतरते. फर्निचरवाले पावसाळ्यात पॉलिश करायला का कुरकुरतात ते मला त्या संध्याकाळी कळलं. विठोबाच्या छातीवरून एक पांढरट ढग सरकत वर गेला आणि मुकुटापाशी थांबला. वर आमच्या मोतीचा एक केस, तोही कायमचा सील.

“छान दिसतंय की,” आमचे हे म्हणाले, “पहाटेचा वाटतो.”

तसंच उचलून रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याकडे नेलं. काचेआड झाकलं जाईल ही आशा. त्याने चित्र तिरपं धरलं, नखाने टकटक केलं आणि डॉक्टरसारखा निकाल दिला, “बेन, भेज लागी गयो छे.” म्हणजे ओल धरली.

आणि तिथे ते काका होते.

ऐंशीच्या आसपासचे, धोतर नाही पण धोतर असायला हवं होतं असे. ते स्वतःचा फोटो फ्रेम करायला आले होते. नंतरसाठी. “पोरांचा भरवसा नाही,” ते शांतपणे म्हणाले. “आमच्या दादाच्या तेराव्याला लग्नातला ग्रुप फोटो कापून लावला. दादाच्या खांद्यावर अजून कुणाचातरी हात आहे.” पुतण्याच्या लग्नातला त्यांचा फोटो होता, पगडी घातलेला. हाराला खिळे दोन हवेत, एकावर हार तिरका होतो, असं ते फ्रेमवाल्याला बजावत होते. तिसरी फ्रेम म्हणे. पहिल्या दोन जुन्या झाल्या, हे अजून आहेत.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

“तू कुठल्या पोळातली गं?”

मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं.

“आणि हा कोण?”

“विठोबा.”

“पांढरा?”

मी दमट हवा, द्रावण, वाफ असं सगळं सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडून म्हणाले, “मग चुकलं कुठे? पांडुर म्हणजे पांढरा. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा. इतकी वर्षं काळ्याला पांडुरंग म्हणतोय आपण, कुणी विचारलं नाही. तू पहिली, जिने नावाप्रमाणे केला.”

फ्रेमवाला हसला. मीही हसले, आणि लगेच रागावले, कारण मुद्दा बिनतोड होता.

“किती दिवस लागले?” असं काका विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “मंगळ बाजारात तयार मिळत नाही का?”

हे मात्र लागलं. चार महिन्यांत एकाही माणसाने ‘मान दुखली का’ विचारलं नाही. केवढ्याला, कशासाठी, तयार का नाही, एवढंच. नणंद म्हणाली, पैसे देऊन मजुरी घेतलीस. ही तीच नणंद, जी किरणोत्सर्गापासून वाचवल्यासारखा तिचा डिनर सेट वीस वर्षं कपाटात सील करून बसली आहे. आणि याच गावात खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमाराला मदिनेतल्या पैगंबरांच्या मजारीसाठी मोत्यांचा गालिचा करवून घेतला, पंधरा लाखांच्या आसपास बसऱ्याचे मोती, मध्ये हिरे-माणकं. त्या कारागिरांना कुणी विचारलं असेल, तयार मिळत नाही का? तो गालिचा २००९ साली दोह्याच्या लिलावात ५५ लाख डॉलरला गेला. स्प्रे न मारता. माझा रेझिनचा विठोबा चार दिवस टिकत नाही.

“काच लावू का?” फ्रेमवाल्याने विचारलं. काच खड्यांना टेकता कामा नये, आत पट्टी द्यावी लागेल, पट्टीचे वेगळे. काका म्हणाले, काच नको, देवाला श्वास घेऊ दे. आणि हे सांगता सांगता त्यांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला.

खडे घट्ट बसावेत म्हणून वरून लाटणं फिरवतात, ते कडेला माझं राहून गेलं होतं. स्प्रे वरून बसतो. मुळात सैल असलेला खडा सैलच. काकांच्या अंगठ्याला एक ३१० चिकटला. त्यांनी तो झटकला, तो उडाला आणि थेट त्यांच्याच फोटोवर, गालावर बसला. ओल्या गोंदाचा थेंब असावा. पगडीखाली, डाव्या गालावर, तीट.

काकांनी फोटो लांब धरून बघितला. फार वेळ. “राहू दे,” ते म्हणाले. “दृष्ट लागत नाही.”

मी पट्टीचे, काचेचे, सगळ्याचे पैसे दिले. विठोबा आता कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ऑक्टोबरची वाट बघतोय. कोरड्या दिवशी पुन्हा हलका थर दिला तर ढग कधी कधी विरघळतो. एकादशीला कॅलेंडरवरचा पुजला.

काल फ्रेमवाल्याचा फोन आला. मला वाटलं, खडा परत देतोय. तो म्हणाला, काका बसलेत दुकानात. तीट आवडली त्यांना. आता विचारतात, फोटोतल्या कानाला भिकबाळी करता येईल का, दोन मोती आणि मध्ये एक लाल.

पांढऱ्यासाठी बी५२०० आहेत माझ्याकडे, लाल ३२१ची अर्धी पुडी उरली आहे. मी चिमटा, पेन, मेण पिशवीत भरून ठेवलं आहे. सील करणार नाही म्हणून मात्र आधीच कळवलं.