दोन जिने, एकोणतीस पदकं

नागपुरात रात्रीचे दहा वाजले की इथे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच होतात, आणि नेमका त्याच वेळी दादाचा फोन येतो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नागपूरच्या महाल भागात राहतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर, काखेत एक कुबडी, आणि बाहेर जायला मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटी. सप्टेंबर २०२४ मध्ये, पॅरिसचं पॅरालिम्पिक संपल्यानंतरच्या आठवड्यात, त्याने मला एक गंमत सांगायला फोन केला होता. गंमत हा त्याचा शब्द.

केवायसीसाठी त्याला बँकेत बोलावलं होतं. शाखा नव्या इमारतीत गेलेली, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला : लिफ्ट बंद आहे. दादा जिन्याखाली उभा राहून विचार करतोय, तेवढ्यात एक सज्जन उतरले. त्याच्याकडे बघून थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, ती काश्मीरची पोरगी पायानं बाण मारते, मेडल आणते. तुमचे तर दोन्ही हात साबूत आहेत. हिंमत करा न!"

"वाईट माणूस नव्हता बे तो," दादा म्हणाला. "मले हुरूप देऊन राह्यला होता."

मग दादा चढला. म्हणजे बसून चढला. पायरीकडे पाठ करायची, बूड टेकवायचं, कुबडी मांडीवर घ्यायची, हातांनी रेटा देऊन एकेक पायरी वर सरकायचं. दोन जिने. शर्टाची पाठ मळली, घाम आला, केवायसी झालं. उतरताना तर सोपंच असतं म्हणे.

तो हसत होता, मला काही हसू येईना. कारण त्याच आठवड्यात मीसुद्धा आमच्या घरच्या ग्रुपवर त्याच मुलीचा व्हिडिओ टाकला होता. शीतल देवी, किश्तवाडची, सतरा वर्षांची, जन्मापासून दोन्ही हात नाहीत. उजव्या पायाने धनुष्य पेलते आणि खांद्या-जबड्याने दोरी ताणते. राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक प्रकारात तिने कांस्य जिंकलं. व्हिडिओखाली मी काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही, पण जिन्यातल्या त्या सज्जनांच्या वाक्यापासून ते फार लांब नव्हतं.

ग्रुपवर तेव्हा वेगळाच वाद पेटलेला. ऑलिम्पिकमध्ये ६ पदकं, त्यात सुवर्ण एकही नाही. पॅरालिम्पिकमध्ये २९, त्यात ७ सुवर्ण, आणि पदकतक्त्यात अठरावा नंबर. मग काय, "धडधाकटांनो, लाज बाळगा" या धर्तीचे फॉरवर्ड दर तासाला. ते वाचताना मला दोन्हीकडच्या खेळाडूंची कीव आली. ऑलिम्पिकमध्ये पॅरिसला ३२९ सुवर्णपदकं होती, पॅरालिम्पिकमध्ये ५४९. अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे वर्ग पाडावे लागतात, म्हणून एकट्या शंभर मीटरच्या धावेचीही कितीतरी सुवर्णपदकं असतात. दोन तक्ते शेजारी ठेवून वजाबाकी करायची ती चीजच नाही. आणि सुमित अंतिलने ७०.५९ मीटर भाला फेकला, तो काही नीरज चोप्राला हिणवायला फेकला नव्हता.

प्रगती खोटी आहे असं मी म्हणत नाही. रिओत २०१६ साली ४ पदकं होती, टोकियोत १९ झाली, पॅरिसला २९. मधल्या काळात सरकारने खरोखर पैसा ओतला, परदेशी सराव दिला, सुवर्णाला ७५ लाखांचं बक्षीस ठेवलं. आपल्या सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीने गोळा १६.३२ मीटरवर टाकून रौप्य आणलं, त्या दिवशी मी एकटाच टीव्हीसमोर ओरडलो आणि बायको धावत आली. पण त्या २९ पदकांची फोड कोणी वाचली का? १७ मैदानी खेळांत, ५ बॅडमिंटनमध्ये, ४ नेमबाजीत, २ तिरंदाजीत, १ ज्युदोत. जलतरणात शून्य. जलतरणाला पॅरिसमध्ये १४१ सुवर्णपदकं होती, मैदानी खेळांच्या खालोखाल सगळ्यात मोठा ढीग, आणि आपण त्याला हातही लावला नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल, व्हीलचेअर रग्बी, गोलबॉल, अंधांचा फुटबॉल, या खेळांत आपला संघच नव्हता.

ही फोड माझ्या डोक्यात बसली त्याचं कारण मी राहतो ते गाव. एल्सबरी, लंडनच्या वायव्येला. गावाला लागूनच स्टोक मँडव्हिल. नाझींपासून जीव वाचवून आलेले डॉक्टर लुडविग गुटमान इथल्या रुग्णालयात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्‌घाटन होत होतं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा लावली. पॅरालिम्पिक तिथून सुरू झालं. पॅरिसची ज्योतही इथेच पेटवली, आणि आता दर खेपेला इथूनच निघणार आहे. एवढं ऐतिहासिक गाव असून नागपूरच्या माणसाला इथे बघण्यासारखं फारसं काही नाही, हेही सांगून टाकतो.

त्या रुग्णालयाशेजारच्या स्टेडियमच्या तलावावर दर शनिवारी मी मुलीला पोहायला नेतो. एकदा काठावर बसलो असताना सत्तरीचे एक गृहस्थ व्हीलचेअरवरून आले. काठाला एक यांत्रिक खुर्ची होती. पोरसवदा जीवरक्षक आला, दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गृहस्थ एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकले, जीवरक्षकाने खुर्ची फिरवून पाण्यावर नेली आणि हळूहळू खाली सोडली. पाणी छातीला लागल्यावर ते सुटले आणि निवांत पाठीवर पोहायला लागले. दोन मिनिटांचं काम. कोणी बघितलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी त्यांना प्रेरणादायी म्हटलं नाही. माझी पोरगी तर गॉगल सापडत नाही म्हणून रडत होती.

मी मात्र बघत राहिलो. दादाला पोहायचं होतं. पाण्यात पाय हलके होतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून कॉलेजात असताना आम्ही दोघं नागपुरातल्या एका तलावावर गेलो होतो. तिथल्या माणसाने आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. ते नेलं तर म्हणाला, जबाबदारी कोण घेणार? मग सांगितलं की कपडे बदलायची खोली वर आहे. तिसऱ्या खेपेला दादाच म्हणाला, जाऊ दे न बे, तर्री पोहे खाऊ. तर्री पोहे झकास होते.

आता जरा मागे जा. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण कशात आलं? पोहण्यात. १९७२ साली, हायडेलबर्गला, आणि आणलं ते आपल्या मराठी माणसाने. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, फौजेत बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात पॅरालिम्पिकच्या पोहण्यात आपलं दुसरं पदक नाही.

का नसावं? माझं उत्तर साधं आहे. भाला उघड्या मैदानात फेकता येतो. गोळा शेताच्या बांधावरही टाकता येतो. पोहायला तलाव लागतो, तलावाला इमारत असते, इमारतीला पायऱ्या असतात आणि दाराशी जबाबदारी विचारणारा माणूस असतो. बास्केटबॉलला तर खेळाच्या व्हीलचेअरवरचे दहा-बारा जण आठवड्यातून तीनदा एका छताखाली जमवावे लागतात, म्हणजे तितक्या घरांपासून तितक्या बसगाड्या आणि तितके फूटपाथ आले. आपली बहुतेक पदकं एकट्या माणसाने, एका जिद्दी प्रशिक्षकाबरोबर, उघड्यावर कमावलेली आहेत. बॅडमिंटन आणि नेमबाजीला हॉल लागतो, मान्य. तरी एकंदर चित्र बदलत नाही. जिथे शहराने काही करावं लागतं, तिथे आपण शून्यावर आहोत.

अपवाद आपल्या नागपुरातच आहे, पण तोही हेच सांगतो. कांचनमाला पांडे मूळ अमरावतीच्या, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत, जन्मापासून दृष्टी नाही. त्यांच्या एस-११ वर्गात सगळेच काळे केलेले गॉगल लावतात, म्हणजे कोणाला अंधुकसं दिसत असलं तरी फरक पडू नये. भिंत जवळ आली की काठावर उभा असलेला माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने पोहणाऱ्याला टोचतो, तेव्हा वळायचं. ती टोचणी क्षणभर उशिरा आली तर डोकं भिंतीवर. या बाईंनी जुलै २०१७ मध्ये बर्लिनला रौप्य जिंकलं, तेही मंजूर झालेला सरकारी पैसा वेळेवर न पोचल्याने परक्या शहरात उसनवारी करत. डिसेंबरात मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं, म्हणजे चारही प्रकारे पोहण्याच्या शर्यतीचं, सुवर्ण आणलं, अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय. तेव्हा सगळ्यांनी लिहिलं : जिद्दीपुढे सारं शक्य. मीही लाइक केलं होतं. उसनवारी का करावी लागली हे विचारणारे थोडे होते.

इथवर वाचून माझे नागपूरचे मित्र म्हणणार, तिकडे बसून बोलणं सोपं आहे भाऊ. खरंय. नागपुरात मी चोवीस वर्षं काढली, कधी पायऱ्या मोजल्या नाहीत. माझं स्वतःचं लग्न पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये झालं. दादा खाली खुर्ची टाकून बसला, त्याला पत्रावळ खाली पाठवली, आणि अक्षता त्याने खालूनच टाकल्या असतील असं मी धरून चाललो. हॉल बघायला गेलो तेव्हा पार्किंग किती गाड्यांचं ते मात्र मी विचारलं होतं.

आणि इंग्लंडचंही फार कौतुक नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, दादा जिना चढला त्याच्या काही आठवडे आधी, टॅनी ग्रे-थॉम्पसन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर गाडीतून रांगत उतरल्या. पॅरालिम्पिकची ११ सुवर्णपदकं जिंकलेल्या, संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसणाऱ्या बाई. पॅरिसलाच निघाल्या होत्या. रॅम्प घेऊन कोणी आलंच नाही, तेव्हा सामान फलाटावर फेकलं आणि मागून स्वतः उतरल्या. पॅरिसला ब्रिटनने १२४ पदकं जिंकली, चीनच्या खालोखाल. लंडन २०१२ च्या वेळी इथल्या चॅनल फोरने पॅरा खेळाडूंना 'सुपरह्यूमन' म्हटलं, सगळ्यांना ते फार आवडलं, फक्त बऱ्याच अपंग माणसांना नाही. ते म्हणाले, आम्हाला अतिमानव नको, बसमध्ये जागा हवी. त्यांची भीती रास्त होती. २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्याचे निकष आवळायचा घाट सरकारने घातला, स्वतःच्याच पक्षाचे खासदार उलटले तेव्हा माघार घेतली. त्या दिवसांत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक सहकारी सहज म्हणाला, धावताना दिसतात की टीव्हीवर, मग यांना भत्ता कशाला? नागपूरच्या जिन्यातले सज्जन आणि हा, बोली सोडली तर माणूस एकच.

फरक एका ठिकाणी पडला. ग्रे-थॉम्पसन यांची बातमी झाली, रेल्वे कंपनीला माफी मागावी लागली. दादाच्या जिन्याची गंमत झाली.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ चा. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांत आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारती-वाहनं वापरण्याजोगी करणं ही नुसती शिफारस राहू शकत नाही, बंधनकारक निकष करा. शब्दही बदलला, अपंगचं दिव्यांग झालं, आणि आपल्या लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला. दादाला मी विचारलं, तुला काय म्हटलेलं आवडतं? "नाव बदललं बे, पायऱ्या तेवढ्याच हायेत," म्हणाला.

२०२५ च्या शरदात दिल्लीत जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स झालं, २२ पदकं मिळाली, ६ सुवर्ण. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा होती ती स्टेडियममध्ये परदेशी प्रशिक्षकांना चावलेल्या कुत्र्यांची.

दादा अलीकडे मेट्रोवर खूश आहे. लिफ्ट चालते, फलाट आणि डबा एका पातळीत, रविवारी उगाच खापरीपर्यंत जाऊन येतो. स्टेशनबाहेरचा फूटपाथ खोदलेला असतो तो भाग वेगळा. मागच्या महिन्यात परत बँकेतून बोलावणं आलं. मी विचारलं, लिफ्टचं काय झालं? त्याने उत्तर न देता फोटो पाठवला. दार तेच, मजकूर तोच. कागद तेवढा आता लॅमिनेट केलाय.